ल्यूबेकच्या भग्न घंटा

उत्तर जर्मनींतील ल्यूबेक नगर एके काळीं हान्सा या व्यापारी नगरसंघाचें अग्रणी होतें. तेथील सेंट मेरीचें प्रार्थनामंदिर व्यापाऱ्यांनीं तेराव्या-चौदाव्या शतकांत बांधविलें. तें बिशपच्या मंदिराहून भव्य असावें, अशी त्यांची ईर्षा होती. विटांनीं रचिलेलें त्याचें कमानदार छत सुमारें ३८ मीटर उंच आहे. येथील वादक बुक्स्टेहूड याचें ऑर्गनवादन ऐकण्यासाठीं १७०५ सालीं तरुण बाख आर्नश्टाटहून पायीं आला होता. हा लौकिक मनांत घेऊनच आम्ही आंत गेलों. पण दक्षिणेकडील मनोऱ्याच्या तळाशीं येतांच आमचीं पावलें थबकलीं.

फुटलेल्या फरशींत दोन प्रचंड घंटा भग्नावस्थेंत रुतून पडल्या आहेत. २८ मार्च १९४२ च्या रात्रीं इंग्रजी विमानांनीं नगरावर बॉम्ब टाकिले, मंदिर पेटलें आणि मनोऱ्यांतून त्या खालीं कोसळल्या. नगरवासीयांनीं त्या तशाच राहूं दिल्या. ज्या राष्ट्राच्या वाङ्मयावर आमचें शिक्षण पोसलें, त्याचेंच हें कृत्य. आणि तत्पूर्वीं १९४० सालीं जर्मन विमानांनीं कॉव्हेंट्रीचें मंदिर असेंच उद्ध्वस्त केलें होतें, हेंहि विसरतां येत नाहीं.

त्याच आगीनें एक नवल केलें. भिंतींवरील चुन्याचा लेप गळाला व खालचीं मध्ययुगीन चित्रें उघडीं पडलीं. त्यांचा जीर्णोद्धार होऊन १९५१ सालीं मंदिराच्या सातशेंव्या वर्षाचा मोठा उत्सव झाला. तज्ज्ञांनीं चित्रें वाखाणिलीं. पुढल्याच वर्षीं लोथार माल्स्काट नांवाच्या चित्रकारानें आपण होऊन जाहीर केलें कीं, गाभाऱ्याच्या वरच्या भिंतींवरील संतांचीं चित्रें जुनीं नव्हेत, तीं त्यानेंच नव्यानें रंगविलीं आहेत. १९५५ सालीं त्याला व ज्याच्या हाताखालीं तो काम करी त्या कंत्राटदारालाहि शिक्षा झाली. गाभाऱ्यांतील तीं चित्रें पुढें धुऊन टाकण्यांत आलीं.

इतिहास शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. जेथें पुरावा संपला तेथें वर्गासमोर आम्हींहि कितीदां तरी डौलदार वाक्यांचा रंग भरला आहे. विद्यार्थ्यांना नेमकी तींच वर्णनें आवडत, हें त्या कोऱ्या भिंतीखालीं आठवून आम्ही ओशाळलों. परततांना पुन्हा घंटांपाशीं गेलों. त्यांचा नाद कायमचा गेला आहे. त्या रात्रीं काय झालें, तें मात्र त्या पाहणाऱ्यास जसेंच्या तसें सांगतात.