डांबरी रस्ता

डांबरी रस्ता म्हणजे खडी, बारीक कच आणि बिट्युमेन यांच्या मिश्रणाचा पृष्ठभाग असलेला रस्ता होय. वाहनांच्या भाराखाली तो किंचित दबतो व भार सरकताच पूर्ववत होतो, म्हणून स्थापत्य अभियांत्रिकीत त्याची गणना लवचिक रस्त्यांमध्ये केली जाते. याउलट सिमेंट काँक्रीटचा रस्ता ताठ समजला जातो. डांबरी रस्त्याचे आयुष्य वाहतुकीचा भार, वापरलेले साहित्य व बांधकामाचा दर्जा यांवर अवलंबून असते. तथापि त्याची सर्वाधिक हानी पाण्यामुळे होते.

नाव

मराठीत ‘डांबर’ हा शब्द दोन वेगळ्या पदार्थांसाठी वापरला जातो. दगडी कोळशाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारा काळा द्रव हे मूळ अर्थाने डांबर होय. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात शेवटी उरणारा घट्ट, चिकट पदार्थ म्हणजे बिट्युमेन. आजचे ‘डांबरी’ रस्ते प्रामुख्याने बिट्युमेनचे असतात. नाव मात्र जुनेच राहिले आहे.

इतिहास

आधुनिक रस्तेबांधणीचा पाया अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील पिएर त्रेसागे, तसेच ब्रिटनमधील थॉमस टेलफर्ड आणि जॉन लाउडन मॅकॅडॅम (१७५६–१८३६) यांनी घातला. वाहनांचा भार अखेरीस खालची माती पेलते व ती कोरडी राहिली तरच पेलू शकते, हे मॅकॅडॅम यांचे मुख्य प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवून त्यावर लहान आकाराच्या फोडलेल्या खडीचे थर दाबून बसवले.

मोटारगाड्या आल्यावर या खडीच्या रस्त्यांवरील बारीक कण उडून धुळीचे लोट उठू लागले व खडी सुटू लागली. १९०२ मध्ये इंग्लंडमधील अभियंता एडगर पर्नेल हूली यांनी खडी व डांबर यांच्या मिश्रणाचे ‘टारमॅक’ या नावाने ओळखले जाणारे एकस्व मिळवले.

भारतात पहिल्या महायुद्धानंतर मोटार वाहतूक वाढल्याने रस्त्यांचा प्रश्न गंभीर झाला. १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींनुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. पुढे १९३४ मध्ये रस्तेबांधणीची मानके ठरवणारी ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये नागपूर येथे झालेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत देशासाठी वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार करण्यात आला.

रचना

डांबरी रस्त्याचे थर खालून वर पुढीलप्रमाणे असतात :

• मातीचा पाया : मूळ जमीन किंवा भराव, योग्य ओलाव्यावर दाबलेला.
• उपपाया : मुरूम किंवा भरड खडीचा थर. खालून येणारे पाणी बाजूला वाहून नेणे हेही त्याचे काम असते.
• खडीचा पाया : निरनिराळ्या आकारांची खडी दाबून केलेला भार पसरवणारा थर.
• डांबरी थर : खाली जाड खडीचा व वर बारीक खडीचा, कमी सच्छिद्र थर.

खडीच्या थरावर प्रथम पातळ बिट्युमेनचा ‘प्राइम कोट’ देतात, तर दोन डांबरी थर एकमेकांना चिकटावेत म्हणून त्यांच्यामध्ये ‘टॅक कोट’ फवारतात. पावसाचे पाणी कडेला वाहून जावे यासाठी रस्त्याच्या पृष्ठभागास मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारणपणे २ ते २.५ टक्के उतार देतात.

साहित्य

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्ट या काळ्या कातळाने व्यापलेला असल्याने येथे खडी मुख्यतः त्याचीच असते. सिलिकाचे प्रमाण जास्त असलेल्या ग्रॅनाइटसारख्या दगडांपेक्षा बेसाल्टला बिट्युमेन अधिक चांगले चिकटते. मात्र याच कातळापासून बनलेली काळी माती पाण्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. म्हणून काळ्या मातीवरील रस्त्यासाठी मुरमाचा जाड थर किंवा चुना मिसळून मातीचे स्थिरीकरण आवश्यक ठरते.

भारतात बिट्युमेनची प्रतवारी श्यानतेनुसार ‘व्हीजी-१०’ ते ‘व्हीजी-४०’ अशी केली जाते. ‘व्हीजी-३०’ प्रतीचे बिट्युमेन साधारणपणे १५० ते १६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून खडीत मिसळतात. मिश्रण गरम असतानाच रोलरने दबाई पूर्ण करावी लागते. थंड झालेले मिश्रण नीट दबत नाही; त्यात पोकळ्या राहतात व त्यांतून पाणी आत शिरते.

झीज व नुकसान

हवेतील ऑक्सिजन व सूर्यप्रकाश यांमुळे बिट्युमेन हळूहळू कडक व ठिसूळ होते. वारंवार पडणाऱ्या भाराने पृष्ठभागावर मगरीच्या कातडीसारख्या भेगांचे जाळे तयार होते. कडक उन्हात मऊ झालेल्या थरावर जड वाहनांच्या चाकांखाली चाकोऱ्या पडतात. बिट्युमेन जास्त झाल्यास ते वर येऊन रस्ता निसरडा होतो. कमी पडल्यास खडी सुटते.

जड वाहनांचा परिणाम त्यांच्या संख्येवरून वाटतो त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता चाचणीच्या निष्कर्षांनुसार, रस्त्याची हानी आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच आसावरील भार दुप्पट झाल्यास हानी सुमारे सोळापट होते.

खड्डा सहसा भेगेपासून सुरू होतो. भेगेतून शिरलेले पाणी खडीवरील बिट्युमेनचा लेप सोडवते. चाकाखाली दाबले गेलेले पाणी बारीक कण बाहेर फेकते, पाया मऊ होतो आणि आधार गेलेला पृष्ठभाग तुटतो. तुंबलेली गटारे, रस्त्यापेक्षा उंच झालेल्या साइडपट्ट्या व जलवाहिन्यांची गळती ही पाणी साचण्याची सामान्य कारणे आहेत.

देखभाल

पावसाळ्यापूर्वी गटारे व मोऱ्या साफ करणे, साइडपट्ट्यांना बाहेरच्या बाजूस उतार देणे आणि भेगा भरणे ही प्रतिबंधक देखभाल होय. खड्डा पडण्यापूर्वी केलेले हे काम नंतरच्या पुनर्बांधणीपेक्षा बरेच स्वस्त पडते.

खड्डा बुजवताना सैल भाग काढून कडा सरळ व उभ्या कापतात, आतील पाणी व धूळ काढतात, टॅक कोट देतात, मिश्रण थराथरांनी भरतात आणि प्रत्येक थर दाबतात. भर पावसात गरम मिश्रण वापरणे कठीण असल्याने शीत मिश्रण वापरले जाते. पाण्याचे कारण दूर न करता केवळ वरून मिश्रण टाकल्यास त्याच जागी पुन्हा खड्डा पडतो. केबल किंवा नळ टाकण्यासाठी खोदलेले चर नीट दाबून न भरल्यास तेथेही रस्ता खचतो.

पुण्यातील जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात ठेकेदाराकडून दहा वर्षांची हमी घेऊन बांधण्यात आला. त्यानंतर अनेक दशके खड्डे न पडल्यामुळे तो टिकाऊ डांबरी रस्त्याचे उदाहरण म्हणून ओळखला जातो.

काँक्रीट रस्त्याशी तुलना

काँक्रीटचा रस्ता साधारणपणे ३० वर्षांसाठी, तर मोठा डांबरी रस्ता १५ ते २० वर्षांसाठी संकल्पित करतात. काँक्रीटचा प्रारंभिक खर्च सहसा अधिक असतो, त्याला मजबूत होण्यास वेळ लागतो व खोदकामानंतरची दुरुस्ती अवघड असते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. डांबरी रस्ता दबाईनंतर लवकर वाहतुकीस खुला करता येतो, तसेच त्याचा जुना थर खरवडून नव्या मिश्रणात पुन्हा वापरता येतो.