पर्यायी मजकूर
संकेतस्थळावरील चित्राऐवजी वाचता यावे म्हणून त्याला जोडलेल्या वर्णनास पर्यायी मजकूर म्हणतात. दृष्टिहीन वाचकास स्क्रीन रीडर हेच वर्णन ऐकवतो. नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० मानकात त्याची सोय होती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. ९.६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाने ५० किलोबाइटचे स्कॅन केलेले छायाचित्र उतरण्यास किमान ४० सेकंद लागत. विद्यार्थ्यांच्या स्वस्त ‘शेल’ खात्यावर तर केवळ अक्षरेच दिसत. म्हणजे हा मजकूर डोळस वाचकांचाही आधार होता. उमरगा येथील महादेव मंदिराच्या छायाचित्रास ‘छायाचित्र १’ म्हणणे निरर्थक. ‘उमरगा : महादेव मंदिर, बाह्य भिंतीवरील शिल्पे’ हे वर्णन उपयोगी पडते. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने असा मजकूर अनिवार्य केला.