जुन्या वाहनांच्या ब्रेकमधील पाणी
महापे औद्योगिक वसाहतीतून शिळफाट्याकडे जाणारा रस्ता पारसिकची डोंगररांग ओलांडतो. अशा उतारावर जुन्या वाहनाच्या ब्रेकची कसोटी लागते. सुमो (१९९४), बोलेरो (२०००) यांसारख्या गाड्यांतील ब्रेक ऑइल दमट हवेतील पाणी शोषते. त्याचा उत्कलनबिंदू घटतो. तापताच वाफ धरते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी टाकीच्या झाकणावर नमूद केलेल्या श्रेणीचेच नवे ऑइल भरावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळील निपल सैल करून हवा काढावी. पेडल मऊ लागल्यास गाडी रस्त्यावर आणू नये. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये हवेच्या टाकीत साचलेले पाणी रोज सोडावे.