साथीत धीर देणारी माणसे



साथीच्या रोगाचा इतिहास लिहिताना आपण मृतांची संख्या सांगतो, लशीचा शोध कोणी लावला ते सांगतो. भयाने किती घरे हादरली, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द आज वर्तमानपत्रांतून नित्य वाचावयास मिळतो. सव्वाशे वर्षांपूर्वी तो कोणाच्या तोंडी नव्हता. पण त्याची गरज तेव्हाही तितकीच होती. या दृष्टीने मुंबईच्या प्लेगाची हकिकत पुन्हा वाचण्याजोगी आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या दाट वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगाचा रोगी ओळखला. पुढे काही महिन्यांतच शहरातील लाखो माणसे मिळेल त्या वाटेने गावाकडे निघून गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. घरांची झडती, रोग्यास उचलून रुग्णालयात नेणे, सोबतच्या माणसांना छावणीत ठेवणे, अंथरूण-पांघरूण जाळणे, मृतदेहांची तपासणी, असे कडक उपाय सुरू झाले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांत रोगाला आळा घालण्याचा हेतू होता. परंतु माणसाच्या मनाचा विचार त्यांत नव्हता.

आपल्याकडे आजाऱ्याची विचारपूस करणे, म्हणजे इयादत, हे कर्तव्य मानले जाते. मरणाऱ्याजवळ कोणी आपले असावे, मागाहून गुस्ल, कफन आणि जनाजा रीतीने व्हावा, ही प्रत्येकाची इच्छा असते. रोगी एकदा गाडीत घातला की या साऱ्याची शाश्वती उरत नसे. रुग्णालयात नेलेल्यांपैकी पुष्कळ जण परत येत नसत. मग अफवा उठली की, तेथे माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आपला माणूस जिवंत आहे की नाही, हे ज्याला कोणी सांगत नाही, तो अफवेवर विश्वास ठेवील, नाही तर काय करील?

९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याच्या बाजूस तपासणीचे पथक एका जुलाहा विणकराच्या घरी गेले. तेथील आजारी मुलीला तपासू देण्यास घरच्यांनी नकार दिला, आणि पाहता पाहता दंगल पेटून माणसे प्राणास मुकली. जबरदस्तीने रोग लपविला जातो, हे सरकारच्याही हळूहळू ध्यानात आले आणि पुढे कडक उपाय सैल करण्यात आले.

आता दुसरी बाजू पाहा. निरनिराळ्या जमातींनी मुंबईत स्वतःची प्लेग रुग्णालये काढली. औषध इतरत्र होते तेच; परंतु तेथे शुश्रूषा करणारा आपली बोली बोलत असे, जेवण आपल्या रीतीचे असे. जे लोक सरकारी रुग्णालयाच्या नावाने थरथरत, तेही या रुग्णालयांत येऊ लागले.

डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगाची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरी लोक भीत होतेच. तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर असलेले सर सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनी ती लस लोकांसमोर टोचून घेतली, आणि ही वार्ता सर्वत्र पोहोचेल अशी व्यवस्था केली. ती पाहून त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. इकडे पुण्याजवळ सावित्रीबाई फुले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. या दोघांची वाट वेगळी, पण लोकांस सांगणे एकच होते : ‘तुम्ही एकटे नाही.’

आज शास्त्रही निराळे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये संकटग्रस्तांच्या मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचे सार तीन शब्दांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. कोणास मदतीची गरज आहे ते पाहावे, बोलण्याची सक्ती न करता त्याचे ऐकावे, आणि नातलगांशी किंवा जाणकारांशी त्याला जोडून द्यावे. यासाठी डॉक्टर असण्याची अट नाही. दुःख फार खोल असेल तर मात्र जाणकारांकडे पाठविण्यास संकोचू नये. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची मोफत दूरध्वनी सेवा त्याचसाठी चालू आहे.

वाचकहो, हे लिहिण्यास एक कारण घडले. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर शाळा उघडली, तेव्हा आठवीच्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. त्याचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले होते. जनाजा त्याने लांबूनच पाहिला होता. मला हे ठाऊक होते. मी रोज त्याची हजेरी घेतली, वह्या तपासल्या, अभ्यास बुडाल्याबद्दल रागेही भरलो. पण ‘बेटा, घरी कसे आहे?’ एवढे विचारण्यास मला चार महिने लागले. विचारले, तेव्हा तो काही बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर येऊन बसला.

प्लेगाचा इतिहास मी वर्गात अनेकदा शिकविला होता. त्यातला धडा मात्र त्या मुलाने मला शिकविला. पुन्हा साथ येईल तेव्हा औषधे शोधणारे शोधतील. मोहल्ल्यातील बंद दारावर थाप देऊन विचारपूस करण्याचे काम आपले आहे. तेवढे तरी आपण चार महिन्यांवर टाकू नये.