सरहद्दीपासून सरपंचापर्यंत

दोडामार्गच्या बाजारात एमएच 07 आणि जीए अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या शेजारी शेजारी लागलेल्या असतात. पलीकडे गोव्याचा डिचोली तालुका. डिसेंबर 1961 पर्यंत ही पोर्तुगीज अमलाची सरहद्द होती, आता दोन राज्यांची आहे. ‘सरहद्द’ या शब्दातला ‘हद्द’ अरबी आणि पुढचा ‘सर’ फारसी. सर म्हणजे डोकं, टोक. संस्कृतातलं ‘शिरस्’ आणि हा ‘सर’ एकाच मुळातून फुटलेले, त्यामुळे तो मराठीत इतका मुरला यात नवल नाही.

मुरला तो कारभारातून. देसायांवरचा तो सरदेसाई, देशमुखांवरचा तो सरदेशमुख. दोडामार्ग 1948 पर्यंत ज्या सावंतवाडी संस्थानात होतं, त्याचे सावंत-भोसले कुडाळ प्रांताचे सरदेसाई म्हणवत. सरदेशमुखी म्हणजे वसुलावर शेकडा दहाचा हक्क. 1719 मध्ये चौथाईबरोबर तिच्याही सनदा मराठ्यांनी दिल्लीहून मिळवल्या. समुद्रावर कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते.

या शब्दांना हटवण्याचा प्रयत्नही झाला, आणि तो राजाश्रयाने. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या (1674) सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचं काम आलं: कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायचे. सरनोबताचा सेनापती झाला. पण पुढच्या मराठीने काय केलं पाहा! महाराजांचे सेनापती हंबीरराव मोहिते यांना आज सगळे ‘सरसेनापती’ म्हणतात. काढून टाकलेला ‘सर’ थेट संस्कृत शब्दाच्या पुढे येऊन बसला. ‘सरन्यायाधीश’ही तसाच घडला, ‘सरसंघचालक’ही. उपसर्ग आपला झाला याचा याहून चांगला पुरावा कोणता? सरदार किंवा सरकार हे शब्द आयते मिळाले होते. हे मात्र मराठीने स्वतः जुळवले.

गावपातळीवर या उपसर्गाचा सर्वांत वापरातला शब्द सरपंच: डोकं फारसी, धड देशी. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातही तोच आहे. कसई-दोडामार्गची नगरपंचायत झाली आणि तिथे नगराध्यक्ष आला. साटेली-भेडशीसारख्या गावांत मात्र सरपंचच आहे.

प्रत्येक ‘सर’ या घराण्यातला नव्हे. तिलारी खोऱ्यावर कोसळणारी पावसाची सर वेगळी, चुलीतलं सरपण वेगळं. शाळेतले सर इंग्रजीतून आले आणि त्यांचं मूळ लॅटिनमध्ये, ‘वडील, ज्येष्ठ’ या अर्थाच्या शब्दात आहे.