वाळूखालचे पाणी

कलहारी म्हटले की तृणपर्णही नसलेल्या उजाड वाळवंटाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुस्थिती तशी नाही. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील या विस्तीर्ण प्रदेशात गवत आहे, काटेरी झुडपे आहेत, वेली आहेत, हरणांचे कळप आहेत. नाही ते फक्त वाहते पाणी. पडलेला पाऊस वाळू पिऊन टाकते आणि मग कित्येक महिने भूपृष्ठावर टिपूसही दिसत नाही. तरीही सान लोक हजारो वर्षे या भूमीत नांदत आले. ते पीत तरी काय होते?

या प्रश्नाचे उत्तर डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात तपशीलवार दिले आहे. लेरोशुआ नावाची एक क्षुद्र वनस्पती त्याने पाहिली. तिचा देठ कावळ्याच्या पिसाच्या दांडीएवढा बारीक; परंतु फूट-दीड फूट खणल्यावर खाली लहान मुलाच्या डोक्याएवढा कंद लागे. साल काढली की आत रसाने भरलेला गर, आणि खोल जमिनीतला म्हणून थंडगार. मोकुरी या वेलीचे कंद तर बुंध्यापासून हातभर किंवा त्याहूनही दूर, वर्तुळाकार दडलेले असत. ते शोधण्यासाठी जाणते लोक दगडाने जमीन ठोकत जात. आवाज बदलला की तेथे खणत. चांगल्या पावसाच्या वर्षी रानटी कलिंगडांनी मैलोगणती भूमी झाकून जाई. हत्तीपासून सिंहापर्यंत सारी जनावरे त्यांवर तुटून पडत. त्यांतली काही फळे कडू, काही गोड आणि वरून दोन्ही सारखीच. म्हणून कुऱ्हाडीचा घाव घालून त्या खाचेला जीभ लावून पाहायचे, आणि मगच फळ घ्यायचे.

त्याच प्रदेशातील बकालहारी स्त्रियांची पाणी भरण्याची रीतही अशीच विलक्षण. दोन फूट लांबीच्या बोरूच्या टोकाला गवताचा झुबका बांधून तो ओल्या वाळूत हात पोहोचेल तितका खोल पुरायचा, भोवती वाळू घट्ट ठासायची आणि दुसऱ्या टोकाने पाणी तोंडात ओढून घ्यायचे. ते काडीवाटे शहामृगाच्या अंड्याच्या कवचात उतरायचे. वीस-तीस कवचे भरली की पाठीवरच्या जाळीत घालून ती घरी न्यायची आणि पुरून ठेवायची. परक्या टोळ्यांच्या भयाने हे लोक पाणवठ्यापासून दूर राहत, झरे वाळूने बुजवत आणि खूण उरू नये म्हणून त्यावर जाळ करीत. पाण्याचे ठिकाण गुप्त ठेवणे हीच त्यांची तटबंदी होती.

ही तटबंदी ओलांडून जाणाऱ्यांचे काय होई, हे १८४९ च्या जूनमध्ये दिसून आले. न्गामी सरोवराच्या शोधात निघालेल्या लिव्हिंग्स्टनच्या तुकडीपुढे पाण्याचा प्रश्न उभा राहिला. त्याचा सोबती विल्यम ऑस्वेल हा पूर्वी आपल्याकडे मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत होता. सिंह दिसला असे वाटून त्याने घोडा फेकला, तो काय! वाकून पळणारी ती एक सान स्त्री होती. आपण पकडले गेलो असे समजून तिने जवळचे सर्व काही देऊ केले. आम्हांला फक्त पाणी हवे, असे सांगताच ती घोड्यांच्या पुढे झपाझप आठ मैल चालली आणि तिने पाणी दाखवले. पुढे १ ऑगस्ट रोजी प्रवासी सरोवराकाठी पोहोचले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८५० साली लिव्हिंग्स्टनला पंचवीस गिनी देऊन गौरवले. त्या स्त्रीला थोडे मांस आणि मण्यांचा झुपका मिळाला. मणी पाहून ती खुदकन हसली, असे ग्रंथकार लिहितो. तिचे नाव मात्र लिहीत नाही.

वनस्पतींतले हे पाणी माणसाला एका जागी मुबलक मिळत नाही. आज येथे कंद, उद्या दहा मैलांवर कलिंगड, अशा हिशेबाने लहान लहान कुटुंबे मोकळेपणी हिंडत राहिली तरच ते पुरते. म्हणजे या विद्येला दोन आधार लागतात: जाणती नजर आणि मोकळी भूमी. दुसरा आधार विसाव्या शतकात डळमळला. १९६१ साली या प्रदेशाच्या मध्यभागी राखीव अभयारण्य झाले. पुढे १९९७ आणि २००२ साली बोट्स्वाना सरकारने तेथील रहिवाशांना बाहेरच्या वसाहतींत हलवले. मोथोमेलो येथील कूपनलिकाही २००२ मध्ये बंद करण्यात आली. लोक न्यायालयात गेले. २००६ साली भूमीवरचा त्यांचा हक्क मान्य झाला, पण कूपनलिकेचे पाणी मिळेना. अखेर २०११ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने तोही हक्क मान्य केला.

ज्यांच्या पूर्वजांनी दगडाच्या आवाजावरून पाणी ओळखले, त्यांना पाण्यासाठी न्यायासनापुढे उभे राहावे लागले. वाळूखालचे कंद आजही पावसागणिक रस साठवीत असतील. परंतु दगड कोठे ठोकावा आणि कोणता आवाज ऐकावा, हे आईच्या मागोमाग त्या भूमीत चालणाऱ्या मुलालाच कळते. ती वाट तुटली तर कंद जमिनीत राहील आणि माणूस त्याच्यावर उभा राहून तहानेने व्याकुळ होईल.