हंगाम, उचल आणि पिशवी

आमच्याकडे पिशवीची ऑपरेशनं उन्हाळ्यात व्हायची. चैत्राच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळ्या गावी परतल्या, मुकादमाशी हिशेब झाला, की वैशाखात एकीकडे लग्नं आणि दुसरीकडे ऑपरेशनं. पावसाळ्यात टाके वाळायचे. भगवानगडाचा दसरा झाला की तीच बाई पोराबाळांसकट, ज्वारीचं पोतं आणि पत्र्याची पेटी घेऊन पुन्हा ट्रकमध्ये चढलेली असायची. बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर एएनएम म्हणून माझी सगळी नोकरी गेली, केज आणि वडवणी तालुक्यांत. २०१९ साली मोठमोठ्या शहरांतले पत्रकार आमच्या वाड्या-तांड्यांवर येऊन विचारू लागले, "या बायका इतक्या लहान वयात गर्भाशय का काढतात?" मी म्हणायची, डॉक्टरला आणि बाईला मग विचारा, आधी ऊसतोडीचं वर्ष कसं जातं ते बघा.

ते वर्ष आमच्या मुलखात फार जुनं नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा आमचा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पुढं नगर, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे कारखाने वाढत गेले. पाणी तिकडं, ऊस तिकडं, आणि तोडायला माणसं बालाघाटच्या डोंगरातली. सुरुवातीला बैलगाडीवाले जायचे. ज्याच्याकडे बैलजोडी, तो गाडीवान. घरटी माणसं जायला लागली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. मी तेव्हा शाळकरी होते. दादा आणि माय खडी फोडायला जायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. दुष्काळ सरला, पण बैल विकले गेले होते ते परत आले नाहीत. धारूरकडच्या एका मुकादमानं दादाला उचल दिली आणि आमचं घर ऊसतोडीला लागलं ते लागलंच.

उचल म्हणजे आगाऊ पैसे. ती व्यक्तीला मिळत नाही, कोयत्याला मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम उभा करत नाही. पोरींची लग्नं लवकर होण्याचं हे एक मोठं कारण. हंगामाच्या तोंडावर घाईनं उरकलेल्या लग्नाला आमच्याकडे 'गेटकेन' लग्न म्हणायचे. कारखान्याच्या हद्दीबाहेरून आलेला ऊस जसा थेट गेटवर घेतात, तशी पोरगी थेट फडावर.

फडावरचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. पुरुष बुडख्याला कोयता घालतो, बाई पाचट काढते, ऊस गोळा करते, वाढ्याच्या दोरानं मोळी बांधते. मग पंचवीस-तीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. पोटात पोर असलं तरी तेच, बाळंतीण असली तरी महिन्या-दीड महिन्यात तेच. राहायला कोप, म्हणजे बांबू आणि पाचटाची त्रिकोणी झोपडी. दारातून वाकूनच आत जावं लागतं. संडास नाही, न्हाणी नाही. अंधार असतानाच उसात जाऊन यायचं किंवा रात्रीपर्यंत कळ काढायची. पाणी चारीचं किंवा शेतकऱ्यानं मोटर चालू केली तर. पाळीचं फडकं माय त्याच पाण्यात धुवायची आणि कोपीच्या आत, लुगड्याखाली झाकून वाळत घालायची. पाचटाखाली ते कधी नीट वाळायचं नाही. ओलसरच पुन्हा घ्यायचं आणि पुन्हा फळी चढायची.

यातून काय होतं हे कळायला नर्सिंगचा कोर्स लागत नाही. धुपणी सुरू होते, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, कंबर भरून येते, पाळी दहा-दहा दिवस राहते. ओझं उचलून उचलून काहींचं अंग बाहेर येतं. लाजेनं सांगत नाहीत, सांगितलं तर सासू म्हणते, "आम्हाला नव्हतं का? बायकांचं असतंच."

आणि वर खाडा. टनावर मजुरी, त्यामुळे जोडीतलं एक बसलं की कोयताच बसतो. बसलेल्या दिवसाचा मुकादम दंड धरतो. अलीकडच्या वर्षांत दिवसाला पाचशे रुपये खाडा ऐकायला मिळायचा. मजुरी बुडाली ती वेगळीच. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात, त्यात हे पाचशे म्हणजे जवळपास दिवसभराची कमाई गेली म्हणून समजा.

आता माझ्या खात्याचं सांगते, कारण या गोष्टीत आमचं खातं बाजूला उभं नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा कुटुंबनियोजनाचं टार्गेट असायचं. प्रत्येक एएनएमच्या नावावर केसेसचा आकडा. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेची शिबिरं लागायची, बाईला न्यायला-आणायला जीप, वर पैसे. विशी-बाविशीत दोन-तीन लेकरं झालेली बाई शिबिरात आली की सगळे खूश. १९९६ साली सरकारनं टार्गेट काढून टाकलं, पण सवय जायला वेळ लागला. त्याच बाईला नसबंदीनंतर चार वर्षांनी धुपणी लागली, तर तिच्यासाठी जीप नव्हती. माझ्या उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या, क्लोरीनचं पाणी आणि वजनकाटा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढं रंगीत किट आली. पांढऱ्या पाण्यासाठी हिरवी, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळी. पिवळीचा कोर्स चौदा दिवसांचा, आणि जोडीदारानंही उपचार घ्यायचा. चौदा दिवस सलग औषध घ्यायला बाई एका जागी तर हवी! अर्धं वर्ष ती चिकोडी-निपाणीच्या फडात. आणि "तुम्हीपण गोळ्या घ्या" असं नवऱ्याला सांगणारी बाई मी नोकरीभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली.

एक मात्र तिला शिकवून झालं होतं: बायकांचं दुखणं ऑपरेशननं मिटतं. लेकरं नकोत, ऑपरेशन. मग पाळी नको, तर ऑपरेशन का नाही? पहिलं ऑपरेशन सरकारनं फुकट केलं, दुसरं खाजगी दवाखान्यानं पैसे घेऊन. माझ्या मते पिशवी काढण्याचा हा रिवाज नसबंदीच्या शिबिरांच्या पाठीवर पाय ठेवून वर चढला. हे फारसं कुणी बोलत नाही.

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी सोनोग्राफीची मशीन आली. तोवर बाईचं दुखणं फक्त तिच्या तोंडचं होतं, आता त्याचा कागद झाला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती फाईल घेऊन बायका माझ्याकडे यायच्या. एकीचा कागद चांगला आठवतो. वय सव्वीस, तीन लेकरं, नसबंदी झालेली. आतल्या गोष्टी अशा: 'बल्की युटेरस', म्हणजे पिशवी जराशी मोठी, जी तीन बाळंतपणांनंतर असतेच, आणि हातानं लिहिलेलं 'सर्व्हायकल इरोजन', म्हणजे पिशवीच्या तोंडाला लाली, जी बहुतेक वेळा आजारच नसते. कॅन्सरची साधी पॅप तपासणी केलेली नव्हती. पण तोंडी सांगितलं होतं: "पिशवीला जखम आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल." मी तिला म्हटलं, "ताई, आधी गोळ्यांचा कोर्स कर, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दाखव, मी चिठ्ठी देते." ती म्हणाली, "सिस्टर, अंबाजोगाईला चार चकरा पडत्यान. महिन्याचे चार दिवस खाडा, हंगामाचे किती झाले तुम्हीच मोजा. एकदाच काय ते काढून टाकते, कटकट जाईल."

मी मोजले. सहा महिन्यांच्या हंगामात चोवीस दिवस, पाचशेनं बारा हजार, वर बुडालेली मजुरी. दोन-तीन हंगामांत ऑपरेशनचा खर्च निघत होता. तिचं गणित चुकलेलं नव्हतं. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी ते एकदा करून बघावं. फक्त तिच्या गणितात एक रक्कम धरलेली नव्हती, आणि ती तिला कुणी सांगितलीच नव्हती. बीजांडकोशही काढले तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ. बीजांडकोश ठेवले तरी त्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि काही जणींना ते वय काही वर्षं आधी गाठतं. तिशीत हे झालं आणि डोक्यावर मोळी तशीच, तर चाळिशीत गुडघे आणि कंबर जाते. ऑपरेशनचे पैसे कुठून आले? मुकादमानं पुढच्या हंगामाची उचल वाढवून दिली. म्हणजे खाडा टाळायला केलेल्या ऑपरेशननंच तिला पुढच्या फडाला बांधलं.

पाळीच्या दुखण्यावर तरुण बाईला टेबलावर घेण्याची खोड आमच्या तालुक्यातल्या दवाखान्यांची एकट्याची नाही. अमेरिकेतल्या जॉर्जियात रॉबर्ट बॅटी नावाच्या सर्जननं १८७२ साली पाळीच्या त्रासानं बेजार झालेल्या एका तरुणीचे बीजांडकोश काढले, पाळी कायमची थांबावी म्हणून. त्याच्या नावाचं ते ऑपरेशन पुढं अमेरिका-युरोपात चांगलंच चाललं आणि मग डॉक्टरांच्याच टीकेनं मागं पडलं. आपल्याकडेही राजस्थान, बिहार, छत्तीसगडमध्ये हेच उघडकीला आलं. बिहार आणि छत्तीसगडमध्ये तर गरिबांच्या सरकारी विमा कार्डावर पिशव्या निघाल्या होत्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली याबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिचा निकाल लागला एप्रिल २०२३ मध्ये.

एक बाजू इथं सांगायलाच हवी. सगळी ऑपरेशनं फुकाची नव्हती. अंग पूर्ण बाहेर आलेल्या, मोठ्या गाठी असलेल्या, रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन पाचवर आलेल्या बायका मी स्वतः गाडीत घालून पाठवल्यात. त्यांचा जीव त्या ऑपरेशननं वाचला. नीट तपासून, आधी औषधं देऊन, "तुझं वय लहान आहे, थांब" म्हणून परत पाठवणारे खाजगी डॉक्टरही मला माहीत आहेत. त्यांच्याकडे गर्दी कमी असायची.

२०१९ मध्ये गवगवा झाला. विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आम्ही, आशाताई, अंगणवाडीताई घरोघर फिरलो. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एकीची. राज्याचा आकडा त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरात तीनसुद्धा नव्हता. मग नियम आला: जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेतल्याशिवाय खाजगीत पिशवी काढायची नाही. कागदावर आकडे घटले. पण काही बायका शेजारच्या जिल्ह्यात जाऊन आल्या, हे पोटावरचा टाका पाहिला की कळायचं. परवानगीचा नियम चांगलाच होता, पण तो डॉक्टरच्या दारात होता. फडावर संडास नव्हता तो नव्हताच, खाडाही तसाच होता.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. दर ठरवायच्या त्या बैठकांत उसाचा, वाहतुकीचा, मुकादमाच्या कमिशनचा हिशेब रुपया-पैशात झाला. पाळीच्या दिवसांचा खाडा धरू नये, हे कलम त्यात घालायला काही खर्च आला नसता.

म्हणून कारखान्यांच्या संचालकांना आणि करार करणाऱ्या पुढाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: पुढच्या करारात बाईचं नाव कोयत्यातून वेगळं काढून लिहा, तिची मजुरी तिच्या हातात द्या, पाळीचा खाडा बंद करा आणि टोळी उतरते तिथं पाणी आणि संडास द्या. आणि हे वाचणाऱ्या लेकीबाळींनो, कुणी तिशीच्या आत पिशवी काढायला सांगितलं, तर टेबलावर जायच्या आधी तीन गोष्टी विचारा: पॅप तपासणी केली का, औषधांचा पूर्ण कोर्स दिला का, आणि बीजांडकोश ठेवणार का. उत्तर नीट मिळालं नाही, तर फाईल उचला आणि अंबाजोगाईला जा.